पाट्या टाकणे : नोकरकपातीच्या छायेतले किमान काम

वेळेवर हजर व्हायचे, नेमून दिलेले काम कुणाला बोट ठेवता येणार नाही इतपतच करायचे आणि त्यापलीकडे मन, बुद्धी किंवा जीव यांतले काहीही त्यात घालायचे नाही, या वागण्याला मराठीत ‘पाट्या टाकणे’ म्हणतात. मातीकामावर मजुराचा दिवस त्याने किती पाट्या टाकल्या यावर मोजला जातो. पाटी काठोकाठ होती की अर्धी, माती हवी तिथे पडली की भलतीकडे, हे मोजणारा पाहत नाही, म्हणून मजूर पाट्यांचा आकडा भरतो. वाक्प्रचाराचा सगळा ठपका मजुरावर बसतो. पण पाट्या टाकणाऱ्यासमोर पाट्या मोजणारा उभा असतो, आणि कामाचे हे रूप ठरवण्यात त्याचा वाटा निम्म्याहून जास्त असतो.

जगभर या वागण्याला अलीकडे नवी नावे मिळाली आहेत. चीनमध्ये २०२१ साली तरुणांनी ‘तांग पिंग’, म्हणजे सरळ आडवे पडून राहणे, हा शब्द रूढ केला. २०२२ मध्ये अमेरिकेतून ‘क्वाएट क्विटिंग’ हा शब्द पसरला. राजीनामा न देता मनाने नोकरी सोडणे, असा त्याचा आशय. गॅलप या संस्थेच्या पाहणीनुसार २०२४ मध्ये जगातल्या नोकरदारांपैकी जेमतेम २१ टक्के लोक कामात मनापासून गुंतलेले होते. नावे नवी असली तरी गोष्ट जुनी आहे, आणि ती आळसातून जन्मते हा समज त्याहून जुना आहे.

अंगचोरी, संथकाम आणि किमान काम या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. अंगचोर माणूस ठरलेले कामही चुकवतो. संथकाम, म्हणजे कामगारांच्या भाषेत ‘गो-स्लो’, हे संघटित हत्यार आहे. सगळे मिळून, ठरवून, मागणी पुढे ठेवून वेग कमी करतात. किमान काम करणारा यांपैकी काहीच करत नाही. तो ठरलेले सगळे करतो, पण एकटा करतो आणि मुकाट्याने करतो. त्याच्या मागे संघटना नसते आणि पुढे मागणीही नसते. कायद्याच्या दृष्टीने त्याचा काही गुन्हा नाही. त्याने फक्त एक गोष्ट परत घेतलेली असते : करारात कधीच न लिहिलेली, पण ज्याच्या जोरावर प्रत्येक कारखाना आणि प्रत्येक कचेरी चालते, ती स्वतःहून केलेली जास्तीची धडपड.

ही धडपड का परत घेतली जाते, याचा पहिला मोठा विचार फ्रेडरिक टेलर या अमेरिकन अभियंत्याने केला. १९११ च्या आपल्या ग्रंथात त्याने कामगारांच्या हेतुपुरस्सर संथपणावर बराच भर दिला आणि त्याचे दोन प्रकार केले. एक माणसाच्या स्वाभाविक सुस्तीतून येणारा आणि दुसरा विचारपूर्वक ठरवलेला. दुसऱ्याची कारणे त्याने अचूक टिपली होती : जास्त काम केले तर आपल्यातल्याच काहींची नोकरी जाईल ही भीती, आणि वेग वाढवला की मालक दर कमी करतो हा अनुभव. टेलरने उपाय मात्र घड्याळाचा सुचवला. प्रत्येक हालचाल मोजायची आणि विचार करण्याचे काम कामगाराकडून काढून व्यवस्थापनाकडे द्यायचे. रोगाची नाडी बरोबर पकडली आणि औषध रोग वाढवणारे दिले, असेच याबद्दल म्हणावे लागते.

शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात नोव्हेंबर १९३१ ते मे १९३२ या काळात १४ कामगारांच्या एका खोलीचे निरीक्षण झाले. टेलिफोन एक्स्चेंजच्या जोडण्या करणारे हे लोक. गटाने जास्त जोडण्या केल्या तर गटाचा पगार वाढेल अशी सोय होती. तरीही दिवसाला किती जोडण्या पुरेत याचा एक आकडा त्यांनी आपसांत ठरवला होता. जास्त करणाऱ्याला गट चिडवायचा, दंडावर गुद्दा मारायचा, आणि फार कमी करणाराही गटाला चालत नसे. महामंदीचा तो काळ होता आणि कारखान्यातून माणसे रोज कमी होत होती. जास्त काम केले तर काम लवकर संपेल आणि काम संपले की आपण संपू, हा त्यांचा हिशेब होता. पुढे काम पुरेसे नसल्यामुळे ती खोलीच बंद करावी लागली. त्यांचा हिशेब चुकीचा होता असे म्हणणे कठीण आहे.

अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन याने १९७० मध्ये या प्रश्नाला एक सोपी चौकट दिली. ज्या संस्थेशी आपण बांधलेलो आहोत ती घसरू लागली की माणसापुढे दोन वाटा असतात : बाहेर पडणे किंवा आवाज उठवणे. संस्थेविषयीची निष्ठा माणसाला काही काळ थांबवून ठेवते आणि आवाज उठवायला उद्युक्त करते. १९८० च्या दशकात मानसशास्त्रज्ञांनी यात आणखी एक वाट मांडली, ती म्हणजे हयगय. बाहेर जाता येत नाही, बोलून उपयोग नाही आणि निष्ठा तर मोडली आहे, अशा माणसाच्या हाती उरते ती हीच. किमान काम म्हणजे अडवलेल्या आवाजाचे रूप होय. चेन्नईचा शंभर वर्षांचा कामगार-इतिहास याची साक्ष देतो, कारण आवाज असलेला कामगार आणि आवाज नसलेला कर्मचारी हे दोघेही या एकाच शहरात शेजारी-शेजारी राहतात.

भारतातल्या आधुनिक कामगार संघटनांची सुरुवात याच शहरात झाली. पेरांबूरच्या बकिंगहॅम आणि कर्नाटिक या बिन्नी कंपनीच्या कापड गिरण्यांतील कामगारांना घेऊन बी. पी. वाडिया आणि तमिळ लेखक तिरु. वि. कल्याणसुंदरम यांनी २७ एप्रिल १९१८ रोजी मद्रास लेबर युनियन स्थापली. १९२० च्या टाळेबंदीत कंपनीने वाडियांविरुद्ध मद्रास उच्च न्यायालयातून मनाई हुकूम मिळवला. संघटना बांधणाराच कायद्याच्या कचाट्यात सापडतो, हे त्या हुकमाने उघड झाले. मराठी वाचकांनी लक्षात ठेवावी अशी गोष्ट इथूनच पुढे घडली. मुंबईचे कामगार नेते नारायण मल्हार जोशी यांनी १९२१ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात कामगार संघटनांना कायदेशीर संरक्षण देण्याचा ठराव मांडला, आणि त्याची परिणती १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यात झाली. पेरांबूरच्या गिरणी कामगाराला बोलण्याचा जो हक्क नाकारला गेला, तो मिळवून देण्यासाठी झटला एक मराठी माणूस.

जवळजवळ शंभर वर्षांनंतर चेन्नईभोवतीच्या नव्या कारखान्यांत हाच प्रश्न वेगळ्या वेषात आला. श्रीपेरुंबुदूरच्या नोकियाच्या कारखान्यात २००६ मध्ये उत्पादन सुरू झाले आणि ऐन भरात तिथे सुमारे आठ हजार कामगार होते, त्यांत तरुण मुलींची संख्या मोठी. करविषयक वादामुळे हा कारखाना २०१४ च्या मायक्रोसॉफ्टच्या खरेदीतून वगळला गेला, ऑर्डरी आटल्या आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून उत्पादन थांबले. हजारो जणांनी त्याआधीच स्वेच्छानिवृत्ती घेतली होती. वयाच्या पंचविशीत स्वेच्छानिवृत्ती घ्यावी लागणे, यातला ‘स्वेच्छा’ हा शब्द किती पोकळ आहे हे वेगळे सांगायला नको.

मराईमलाई नगरच्या फोर्ड कारखान्याची गोष्ट जास्त बोलकी आहे. ९ सप्टेंबर २०२१ रोजी फोर्डने भारतातील मोटार उत्पादन थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. दहा वर्षांत दोन अब्ज डॉलरहून अधिक तोटा झाल्याचे कारण दिले गेले. गुजरातमधील साणंदचे मोटारीचे काम त्याच वर्षअखेर थांबायचे होते. चेन्नईचे मात्र निर्यातीच्या गाड्यांसाठी २०२२ च्या मध्यापर्यंत चालू राहणार होते. म्हणजे सुमारे २,६०० कायम कामगारांना जवळजवळ दहा महिने अशा असेंब्ली लाइनवर उभे राहायचे होते, जिचा शेवट त्यांना ठाऊक होता.

या दहा महिन्यांतल्या कामगाराची जागा नीट पाहिली पाहिजे. समोरून गाडीचा सांगाडा सरकत येतो. नेमलेल्या सेकंदांत चार नट बसवायचे, टॉर्क रेंचचा आवाज आला की पुढे सोडायचे. वीस वर्षांत हाताला सवय अशी लागते की नट किंचित वाकडा बसला तरी बोटांना आधी कळते आणि डोळ्यांना नंतर. ही बोटांची अक्कल कुठल्याही नियमावलीत लिहिलेली नसते. आता प्रत्येक गाडी पुढे सोडताना शिल्लक गाड्यांतली एक कमी होते आणि आपल्या नोकरीचाही एक तुकडा तिच्याबरोबर जातो. अशा वेळी त्या बोटांनी पूर्वीसारखीच आच ठेवावी, ही अपेक्षा कशाच्या बळावर करायची? तरीही फोर्डच्या कामगारांनी मुकाट्याने पाट्या टाकल्या नाहीत. शेवटची गाडी बाहेर पडली की आपल्या हातात काही उरणार नाही हे त्यांनी ओळखले आणि भरपाईच्या प्रश्नावर मे २०२२ च्या अखेरीस उघडपणे काम थांबवले. कंपनीने सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे सुमारे ११५ दिवसांचा एकूण पगार देऊ केला होता. कायद्यातली किमान रक्कम १५ दिवसांच्या सरासरी वेतनाची आहे. कामगारांना कंपनीने देऊ केलेली रक्कमही अपुरी वाटली, वाटाघाटी लांबल्या, आणि जुलै २०२२ मध्ये इकोस्पोर्ट ही शेवटची गाडी लाइनवरून उतरली. या लढ्याचे फळ किती मिळाले यावर वाद होऊ शकतो. पण राग तोंडाने बोलला गेला, हातातल्या कामात झिरपत राहिला नाही, हे महत्त्वाचे आहे.

सुंगुवारचत्रमच्या सॅमसंग कारखान्यातही तेच दिसले. ९ सप्टेंबर २०२४ पासून ३७ दिवस एक हजाराहून जास्त कामगार संपावर होते. त्यांची मुख्य मागणी आपल्या संघटनेला मान्यता मिळण्याची होती. पगाराच्या आधी त्यांनी बोलण्याची जागा मागितली. पुढे जानेवारी २०२५ मध्ये त्यांच्या संघटनेची नोंदणी झाली.

आता त्याच शहराच्या दक्षिणेला, जुन्या महाबलीपुरम रस्त्यावर यावे. तरमणीचे टायडेल पार्क २००० साली उभे राहिले आणि त्यानंतर शोळिंगनल्लूरपासून सिरुसेरीपर्यंतचा हा ‘ओएमआर’ संगणक कंपन्यांनी भरून गेला. कॉग्निझंटचा जन्म १९९४ मध्ये चेन्नईतच झाला. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस, म्हणजे टीसीएसचे सिरुसेरीतील संकुल त्या कंपनीच्या सर्वांत मोठ्या संकुलांपैकी एक आहे. पुण्या-मुंबईहून, नागपूरहून, कोल्हापूरहून आलेली मराठी मुले-मुली इथे पहिली नोकरी करतात आणि तांबरम किंवा वेलचेरीत भाड्याच्या खोलीत राहतात. वडिलांच्या पिढीने सरकारी नोकरीत जी निश्चिती पाहिली, ती आपल्याला या काचेच्या इमारतींत मिळेल, असे त्यांच्या घरच्यांना वाटत आले आहे.

ती निश्चिती टप्प्याटप्प्याने सुटत गेली. २०१४ च्या अखेरीस टीसीएसमधील कपातीने चेन्नईत पहिली मोठी खळबळ उडाली. जानेवारी २०१५ मध्ये एका गर्भवती कर्मचारी महिलेच्या अर्जावर मद्रास उच्च न्यायालयाने अंतरिम स्थगिती दिली आणि कंपनीने तिची बडतर्फी मागे घेतली. ‘फाइट’ या नावाने ओळखली जाणारी आयटी कर्मचाऱ्यांची संघटना याच काळात पुढे आली. आयटी उद्योगाला औद्योगिक विवाद कायद्यातून सूट नाही, त्यातले कर्मचारी संघटना बांधू शकतात, हे तामिळनाडू सरकारने २०१६ मध्ये स्पष्ट केले. २०१७ मध्ये कॉग्निझंटमधल्या कपातीच्या तक्रारी कामगार आयुक्तांपर्यंत गेल्या. २७ जुलै २०२५ रोजी टीसीएसने जाहीर केले की, वर्षभरात सुमारे दोन टक्के, म्हणजे १२ हजारांहून अधिक लोकांना कमी करणार, मुख्यतः मधल्या आणि वरच्या श्रेणींतील. त्या वर्षी जूनअखेर कंपनीत ६,१३,०६९ कर्मचारी होते. सप्टेंबरअखेर हा आकडा ५,९३,३१४ वर आला. त्यात स्वतःहून गेलेलेही आहेत. पण आतल्या माणसाला दिसते ते एवढेच, की शेजारची खुर्ची रिकामी झाली.

त्याच जूनमध्ये कंपनीने एक नवा नियम लागू केला होता. वर्षातले किमान २२५ दिवस प्रत्येकाने ग्राहकाला बिल लावता येईल अशा कामावर असले पाहिजे. ‘बेंच’वर, म्हणजे प्रकल्पाविना, वर्षाला ३५ दिवसांपेक्षा जास्त राहता येणार नाही. या नियमात पाट्या मोजण्याचे तंत्र पूर्णत्वाला गेले आहे. प्रकल्प मिळणे कर्मचाऱ्याच्या हातात पूर्णपणे नसते. ग्राहक प्रकल्प बंद करतो, व्यवस्थापक ओळखीच्या माणसाला घेतो, शिकलेले तंत्रज्ञान मागणीतून जाते. बेंचवरचा माणूस सकाळी कंपनीच्या बसने येतो, कार्ड लावतो, एका मुलाखतीसाठी तीन जणांना फोन करतो, ऑनलाइन अभ्यासक्रमाचे तास भरतो आणि संध्याकाळी टाइमशीटमध्ये पुन्हा शून्य पाहतो. त्याला काम हवे आहे आणि काम नसल्याचा दोष त्याच्याच नावावर चढतो आहे. अशा माणसाला आळशी म्हणणे हा अन्याय आहे, आणि तो उघडपणे अन्याय म्हटला पाहिजे.

ज्यांच्याकडे काम आहे त्यांच्यात झालेला बदल जास्त सूक्ष्म आणि जास्त महागडा असतो. एखादी चाचणी करणारी मुलगी आपल्या ‘तिकिटा’वर, म्हणजे नेमून दिलेल्या कामाच्या नोंदीवर, काम करताना शेजारच्या मॉड्यूलमधली एक चूक पाहते. ती चूक तिच्या तिकिटात नाही. दोन वर्षांपूर्वी ती उठून त्या टीमच्या टेबलापाशी गेली असती, चहाच्या टपरीवर सांगितले असते, रात्री घरून एक मेल टाकला असता. आता ती आपले तिकीट बंद करते आणि पुढचे उघडते. तिने काहीही चुकवलेले नाही. अहवालात तिचे काम शंभर टक्के दिसते. महिन्याभराने ती चूक ग्राहकाच्या देशात मध्यरात्री उघडी पडते, आणि का पडली याचे उत्तर कोणत्याही तक्त्यात सापडत नाही.

याहून वाईट अवस्था ‘केटी’ची, म्हणजे ज्ञान पुढच्याच्या हाती सोपवण्याची असते. पंधरा वर्षे एकाच बँकेच्या प्रणालीवर काम केलेल्या माणसाला सांगितले जाते की हे सगळे या नव्या मुलाला शिकव. शिकवून झाले की आपली गरज संपेल, हे त्याला कळत असते. मग तो दस्तऐवज देतो, पण प्रणाली रडत असेल तेव्हा कुठे हात लावायचा, हे सांगत नाही. हॉथॉर्नच्या त्या खोलीतला हिशेबच इथे पुन्हा दिसतो : काम संपले की आपण संपू. नव्या मुलाचे यात अतोनात नुकसान होते. तो मुलगा पुढे दहा वर्षे अर्धवट शिकलेल्या गोष्टींवर काम करत राहतो, आणि त्याला दोष लागतो कौशल्य नसल्याचा.

भीतीने माणसे जास्त काम करतात, हा कपातीमागचा न बोललेला विश्वास असतो. त्यात अर्धे तथ्य आहे. नोकरकपातीतून वाचलेल्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास करणाऱ्या जोएल ब्रॉकनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये दाखवले की, नोकरी जाण्याची थोडी धास्ती असेल तर प्रयत्न वाढतात. पण धास्ती फार वाढली की ते पुन्हा खाली येतात. काही केले तरी नाव यादीत येणारच असेल तर जास्त राबण्याला अर्थ उरत नाही. त्याच संशोधकाचा आणखी एक निष्कर्ष मालकांनी वहीत लिहून ठेवावा इतका मोलाचा आहे. कपात अन्याय्य वाटली तर संस्थेवर ज्यांचा आधी सर्वाधिक जीव होता, तेच सर्वांत जास्त खचतात. ज्याने कधीच जीव लावला नव्हता त्याला तोडायला काही नसते. म्हणजे कपातीनंतर पाट्या टाकू लागणारा बहुधा कालचा सर्वांत मनापासून काम करणारा असतो. हे व्यवस्थापनाला दिसत नाही, कारण त्याचे आकडे बदललेले नसतात.

अन्याय्य वाटण्याचे कारण बहुतेक वेळा कपातीची पद्धत असते. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात यादीचा एक साधा नियम होता : शेवटी आलेला आधी जाईल, आणि तसे न केल्यास मालकाने कारण लिहून ठेवावे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनेही तो ठेवला आहे. हा नियम सर्वोत्तम आहे असे नाही, पण तो आधीच ठाऊक असतो आणि म्हणून माणसाला सहन होतो. ओएमआरवर मात्र नोकरी क्वचितच ‘कपात’ म्हणून जाते. कर्मचाऱ्याला एका छोट्या खोलीत बोलावले जाते, एचआरचा माणूस शांतपणे सांगतो की राजीनामा दिलात तर रिलीव्हिंग लेटर स्वच्छ मिळेल, पुढची नोकरी अडणार नाही. नाही दिलात तर कामगिरीच्या कारणावरून काढावे लागेल. राजीनामा स्वतःहून दिलेला ठरल्यामुळे नोटीस, भरपाई, कामगार आयुक्त हे सगळे टळते. सक्तीच्या राजीनाम्यांविषयीच्या अशा तक्रारी पुण्यातल्या ‘नाइट्स’ या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेनेही २०२५ मध्ये टीसीएसच्या संदर्भात सरकारकडे केल्या. कंपनीने ते आरोप फेटाळले. कोणत्याही एका कंपनीचा निवाडा इथे करायचा नाही. पण ज्या उद्योगात बाहेर पडण्याचा रस्ता राजीनाम्याच्या कोऱ्या कागदावरून जातो, तिथे आत उरलेला प्रत्येक जण त्या खोलीकडे डोळे लावून काम करतो.

कायदाही इथे तोकडा पडतो. वरिष्ठ श्रेणीतला माणूस पर्यवेक्षक मानला गेला की तो ‘कामगार’ या व्याख्येच्या बाहेर जातो. संहितेत पर्यवेक्षकासाठी ही मर्यादा महिना १८,००० रुपयांची आहे. चेन्नईतला कोणताही टीम लीड तिच्या कितीतरी पुढे आहे. मोठ्या आस्थापनांना कपातीसाठी सरकारी परवानगी घ्यावी लागते, पण ही मर्यादा शंभर कामगारांवरून तीनशेवर नेली आहे, आणि ती कारखाने, खाणी व मळे यांच्यापुरतीच आहे. उलट ठरवून केलेले संथकाम अनुचित कामगार प्रथांच्या यादीत कायम आहे, आणि निम्म्या किंवा जास्त कामगारांनी एकाच दिवशी मिळून किरकोळ रजा घेतली तर तोही संप मानला जातो. सामूहिक निषेधाचे दरवाजे अरुंद होत गेले की एकेकट्याचा निषेध वाढतो. त्याला कोणताही कायदा पकडू शकत नाही, आणि त्याच्याशी वाटाघाटीही करता येत नाहीत.

मालकांचीही एक बाजू आहे. अमेरिकन ग्राहक खर्च कमी करतो, कृत्रिम बुद्धिमत्ता सोपी कामे करू लागते, तेव्हा सगळ्या खुर्च्या राखणे कंपनीला शक्य नसते. फोर्डचा तोटा खोटा नव्हता. गिऱ्हाईक नसलेली गाडी बनवत राहा, असे कोणी म्हणत नाही. पण काय करायचे आणि कसे करायचे हे दोन प्रश्न वेगळे आहेत. बाजार पहिल्याचे उत्तर ठरवतो. दुसऱ्याचे उत्तर पूर्णपणे व्यवस्थापनाच्या हातात असते : कपातीचा निकष आधी सांगणे, यादी एकदाच आणि पूर्ण जाहीर करणे, राजीनाम्याची सक्ती न करणे, उरलेल्यांना पुढच्या वर्षाचे खरे चित्र दाखवणे, संघटनेशी बोलणे. दर तिमाहीला थोडी-थोडी माणसे कमी करण्याची पद्धत या सर्वांत घातक. तीत भीती कधीच संपत नाही, आणि संपत नसलेली भीती माणसाला हात आखडायला शिकवते.

यात सगळ्यात जास्त हरतो तो कर्मचारी. किमान काम तात्पुरती ढाल म्हणून सुरू होते आणि हळूहळू सवय होते. चुकीकडे पाहून पुढे जाण्याची सवय लागलेली मुलगी पुढच्या कंपनीतही तसेच पुढे जाते. शिकण्याची भूक मरते, आणि हातातले कसब तर सरावावरच टिकते. मराठी घरांतून ‘कामात देव बघावा’ असे शिकून बाहेर पडलेल्या मुलांना आपण रोज अर्धी पाटी टाकतो आहोत हे मनात बोचत असते. ती बोच खरी आहे आणि तिची थट्टा होऊ नये. तिला वाट द्यायची तर बोलण्याची जागा शोधली पाहिजे : संघटनेत, कामगार आयुक्तांकडे, निदान चार सहकाऱ्यांच्या टेबलाभोवती. पेरांबूरच्या गिरणी कामगारांनी १९१८ मध्ये नेमकी हीच जागा मागितली होती, आणि सुंगुवारचत्रमच्या कामगारांनीही.

मराईमलाई नगरचा कारखाना तीन वर्षे बंद राहिल्यावर ऑक्टोबर २०२५ मध्ये फोर्डने तामिळनाडू सरकारशी नवा करार केला. ३,२५० कोटी रुपये गुंतवून तिथे २०२९ पासून वर्षाला २.३५ लाख इंजिने बनवायची आहेत. शेवटच्या गाडीच्या वेळी तिथे सुमारे २,६०० कायम कामगार होते. नव्या करारात सांगितलेल्या नोकऱ्या सुमारे ६०० आहेत.